पिवळ्या पाटीमागची भट्टी

नाशिकहून परत आल्यावर शेजारणीनं पहिला प्रश्न विचारला, "देवदर्शन झालं ना?" नाही झालं. मग द्राक्षं? द्राक्षांचा मोसम नव्हता. निदान चिवडा? तो आणला, पण पाकीट अर्धं हवेनंच भरलेलं निघालं, आणि ती तक्रार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. खरं सांगायचं तर मी नाशिकला गेले होते ती एका बेकरीवर पाळत ठेवायला. ज्यांना गोदावरी, देवळं, घाट यांचं वर्णन हवं त्यांनी दुसरं काही वाचावं.

मी एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन आता बारामतीत एकटीच असते. नोकरीनं पेन्शन किती दिली ते सोडा, पण संशय भरपूर दिला. तिकीट न काढलेला माणूस मला पाठीवरून ओळखू येतो. तो कधी झोपेचं सोंग घेत नाही, ते नवशिके घेतात. पक्का असतो तो खिडकीबाहेर बघतो. जरा जास्तच रस घेऊन बघतो, जणू बाहेरच्या उसाच्या फडात त्याचं लग्न लागतंय.

आता बेकरीचं. फलटणला आमच्या वडिलांची, दादांची, बेकरी होती. दादांनंतर माझा धाकटा भाऊ नंदू ती चालवतो. लाकडावरची भट्टी आहे. अशी भट्टी रोज विझवत नाहीत. रात्री विस्तव राखेत झाकून ठेवायचा आणि पहाटे उघडायचा. दादा गेले त्या दिवशीसुद्धा आईनं विस्तव राखला होता.

दिवाळीआधी गल्लीतल्या बायका घरचा रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन येतात आणि नानकटाई भाजून नेतात. एका वेळी पाच घरांचे ट्रे आत जातात. मग माझं साजूक तूप तुझ्या डब्यात गेलं आणि तुझा डालडा माझ्या डब्यात आला, यावरून बायकांत जुंपायची. आईनं त्यावर शक्कल काढली. प्रत्येक घराला एकेक खूण दिली. कुणाची किल्ली, कुणाचं शिवणाचं टोपण, कुणाची तुटकी बांगडी. भाजायच्या आधी ती नानकटाईवर दाबायची, म्हणजे आपली आपल्याला ओळखू येते. या खुणा बेकरीच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या असतात. माझी खूण म्हणजे तिकिटं टोचायचा पंच. तिकिटाची मशिनं आली तेव्हा तो नंदूनं मागून घेतला.

तर या नंदूला नाशिकच्या एका बेकरी कंपनीनं गाठलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कोर्टकचेऱ्या कुणी कराव्यात! त्यांची पाटी पिवळी असते, आपण पिवळी पाटी म्हणू. गावोगावी दुकानं दिली आहेत. पाटी त्यांची, माल त्यांचा, दुकान आपलं. माल तयार होऊन गाडीतून येणार, आपण फक्त गरम करून विकायचा. भट्टी पाडायची आणि तिथं काचेचं कपाट ठेवायचं.

नंदूचे दोन्ही कारागीर गावी निघून गेले होते, त्याची कंबर धरत होती, हे मला माहीत होतं. तरी भट्टी पाडायची म्हटल्यावर फोनवर मी त्याला नको नको ते बोलले. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "आक्का, तू चल माझ्याबरोबर. डोळ्यांनी बघ. तू हो म्हणालीस तर सही करतो. नायतर नाय."

म्हणजे भट्टी राहायची की जायची ते माझ्या एका शब्दावर आलं. मग मी डोळ्यांत तेल घालून बघणार नाही तर काय करणार?

कॉलेज रोड

बसप्रवासाबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. आयुष्यभर तोच केला. नंदू मला पुण्यात भेटला एवढंच सांगते. त्याच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती आणि ती सारखी खुळखुळत होती.

"काय रे हे?"

"किल्ल्या."

"एवढ्या?"

"दुकानाच्या, गोदामाच्या. राहू दे की आक्का."

"भट्टीवर कोण आहे मग?"

"आहे की," म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

गणपती नुकतेच उठले होते. कॉलेज रोडला चौकाच्या कडेला मांडवांचे बांबू अजून पडलेले होते आणि त्यांच्या पलीकडे पिवळी पाटी झळकत होती. आत काच, गारवा, मंद गाणी. केक असे मांडलेले, की हात लावायचीच भीती वाटावी. तिथं आम्हाला कंपनीचा चेतन भेटला. तरुण, चुणचुणीत, दाढी कोरलेली, अंगात कोट. "मॅडम, टेन्शनच घेऊ नका" हे वाक्य त्याला श्वासासारखं येतं. टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्या माणसाबरोबर मी नेहमी टेन्शन घेते.

भिंतभर एक जुना फोटो होता. भट्टीसमोर एक पोरसवदा तरुण उभा, हातात लांब दांड्याचं फावडं, अंगात बनियन. खाली लिहिलेलं, "इथून सुरुवात झाली."

"हे आमचे भास्करशेठ, कंपनीचे मालक," चेतन म्हणाला. "झीरोपासून उभं केलंय सगळं, मॅडम."

मी फोटोजवळ गेले. बेकरीवाल्याची मुलगी माणूस नंतर बघते, आधी भट्टी बघते. भट्टीच्या तोंडावर घोड्याची नाल ठोकलेली होती. डावीकडे दिव्याचा कोनाडा होता आणि कोनाड्याखालची एक वीट अर्धी तुटलेली.

"ही भट्टी कुठं आहे?"

"पंचवटीत. आपलं मूळ दुकान."

"बघता येईल?"

चेतनचा हात मोबाइलकडे गेला. "येईल ना. म्हणजे, बघतो." हा 'म्हणजे' मला चांगला ओळखीचा. पासची मुदत संपलेला माणूस असाच सुरू करतो.

दुपारी त्यानं आम्हाला औद्योगिक वसाहतीतला कारखाना दाखवला. डोक्याला जाळीची टोपी, पायाला पिशव्या, ऑपरेशनला नेतात तसं. पीठ मशीन मळतं, मशीनच कापतं आणि भाजतं, मग ते गोठवून गाड्यांत चढवतात. बर्फासारखा कडक झालेला खारीचा तुकडा चेतननं माझ्या हातावर ठेवला. "फलटणला पोचेपर्यंत असाच राहील." त्यात त्याला अभिमान वाटत होता. मला मात्र ते शवागारासारखं वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. नंदूनं माझा कोपर धरून मला बाहेर काढलं.

एक कबूल करते. गरम केल्यावर खारी चवीला चांगली होती. चहात बुडवली तरी मोडली नाही. पण चहात बुडवून न मोडणारी खारी कशाची केलेली असते, हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही.

पंचवटी

सकाळी मला पाचच्या आत जाग येते, ती सवय आता जायची नाही. नंदूलाही येते, निदान यायची. भट्टीवाला माणूस पहाटेच्या अंधारातच उठतो. लॉजवर मात्र तो चांगलं ऊन वर येईपर्यंत झोपला. मनात म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला, कधी मिळत नाही. मी एकटी चहा घेऊन आले आणि चहावाल्यानं सुट्टे कमी दिले म्हणून त्याच्याशी हुज्जत घातली. त्यानं बरोबर दिले होते. ते नाण्याला नाणं चिकटलं होतं.

नाशिकची मिसळ खाल्ली. आमच्याकडे मिसळीला पाव आणि लिंबू असलं की झालं. इथं पापड, दही, वर शेवटी जिलबीही. न्याहारी म्हणून बसावं आणि पंगत उठल्यासारखं उठावं. रस्सा चांगला होता, त्याबद्दल काही म्हणणं नाही. नंदूनं निम्मी ताटात ठेवली.

पंचवटीत रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडतात. पुढं भाजीच्या पाट्या, दुचाक्या, आणि मधूनच एखादे गुरुजी, "कुठून आलात? आडनाव काय?" विचारणारे. फलटणला अनोळखी बाईला कुणी असं आडनाव विचारलं तर भांडण होईल. इथं तो धंद्याचा रिवाज आहे. मी त्यांना म्हटलं, "आधी तुमचं सांगा." ते हसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पिवळ्या पाटीचं दुकान भाजीबाजाराच्या पाठीला होतं. लहानसं, पण काच तीच, गारवा तोच, फोटोही तोच. गल्ल्यावरचे गृहस्थ बरीच वर्षं तिथंच काम करत असावेत.

"ही भट्टी कुठाय?" मी फोटोकडे बोट दाखवलं.

"ती ना, ती सायखेड्याला. शेठचं गाव. तिथूनच सुरुवात."

"कॉलेज रोडवाले म्हणाले, इथं होती."

गृहस्थांनी मान हलवली. "इथं भट्टी कशी असेल ताई? वर लोक राहतात. इथं शेठ माल आणून विकायचे."

माझ्या मनात पाल चुकचुकली. भिंतभर फोटो लावता, खाली अक्षरं कोरता, आणि भट्टी कुठली ते तुमच्याच माणसांना माहीत नाही! मी नंदूकडे बघितलं. "बघितलंस? एक म्हणतो इथं, दुसरा म्हणतो तिथं."

"फोटोचं काय घेऊन बसलीस आक्का," तो म्हणाला. "माल बघ."

मालाचंही सांगते. चेतननं नमुन्याला दिलेलं बटरचं पाकीट मी बाजाराच्या कोपऱ्यावर उभ्या गायीपुढं धरलं. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवून कोथिंबिरीची जुडी ओढली. कोथिंबीरवाली माझ्यावरच ओरडली. जुडीचे पैसे देऊन मी नंदूला म्हटलं, "गाय खात नाही ते मी गल्लीला खायला घालू?" तो हसला नाही. एरवी असल्या गोष्टीला तो पोट धरून हसतो.

"भट्टीवर सुनंदा आहे का रे?" मी पुन्हा विचारलं. सुनंदा म्हणजे माझी भावजय.

"हो, ती बघते," तो नदीकडे बघत म्हणाला.

सायखेडा

सायखेड्याला आम्ही चेतनला न कळवता गेलो. पूर्वसूचना देऊन तपासणी करायची नसते, हे मला एसटीनं शिकवलंय.

गाव गोदावरीच्या काठावर. वाटेला टोमॅटोचे मळे, तारांवर चढवलेले, आणि क्रेट भरणाऱ्या बाया. आमच्याकडे एवढं पाणी उसालाच जातं. पारावर भास्करशेठचं घर विचारलं तर एकानं थेट त्यांच्या चुलतीच्या ओट्यावर आणून सोडलं. म्हातारी मेथी निवडत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि एक जुडी निवडायला घेतली. बायकांना बोलतं करायला याहून चांगली युक्ती नाही.

"काकू, भास्करशेठची भट्टी कुठं होती हो?"

"भट्टी?" म्हातारीचे हात थांबले. "इथं कवा होती भट्टी? कोनी सांगितलं?"

"त्यांच्या दुकानात फोटो आहे."

"फोटो आसंल. भट्टी नाय. लय गरिबी होती बाई त्यांची. बाप गेला तसं भास्कर मामाकडं गेला, सटाण्याला. तिथं एका अण्णाच्या भट्टीवर राबायचा. मंग सायकलवर पाव घालायचा गावोगाव. घंटी वाजवत यायचा, पोरं मागं पळायची." आणि मग एकदम, "जेवल्याबिगर जायचं नाय हां. भाकर टाकलेली हाय."

बाजरीची भाकरी, तीच मेथी, आणि लसणीचा ठेचा. आमच्या ठेच्यात शेंगदाणे असतात, त्यांच्यात नव्हते, त्यामुळे पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "तिखाट लागलं का? लागू द्या," म्हणून म्हातारीनं वर तेलाची धार धरली. सबंध प्रवासात पोटभर जेवले असेन तर ते तिथं.

निघताना मी नंदूला म्हटलं, "उद्या सटाणा."

"कशाला आता? पुरे झालं की. घरी जाऊ."

तेवढ्यात चेतनचा फोन आला. कुठं आहात, जेवलात का, सही कधी. मी फोन घेऊन सांगितलं की आम्ही सटाण्याला निघालोय.

"सटाण्याला? मॅडम, तिथलं आउटलेट जरा जुनं आहे. दाखवण्यासारखं काही नाही तिथं."

झालं! दाखवण्यासारखं नाही म्हटल्यावर मला कोण थांबवणार?

सटाणा

बाजार समितीच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती. सगळ्या गावाला त्या वासाचं काही वाटत नाही. मला मात्र त्या कांद्यातूनही दुसरा एक वास आला. पिवळी पाटी समोर, काचेत केक, आणि मागून बाभळीच्या जळणाचा धूर. मी नंदूचा दंड धरला. "वास येतो का?"

त्याला आला होता. त्याचा चेहरा असा झाला की आता रडतो का काय.

दुकानात गेलेच नाही. शेजारच्या बोळातून मागं शिरले. एक पत्र्याचं दार अर्धं उघडं होतं. आत भट्टी. तोंडावर घोड्याची नाल. डावीकडे दिव्याचा कोनाडा. कोनाड्याखाली अर्धी तुटलेली वीट.

"ओ बहिन! तिकडे कुठं?" मागून कुणीतरी गरजलं. धोतर, पांढऱ्या मिश्या, आवाज असा की ट्रॉलीवाल्यांनीही वळून बघावं. "कथाईन उनात तुम्ही?"

कुठून आलो ते मी सांगितलं आणि फोटोचंही सांगितलं. म्हातारा कमरेवर हात ठेवून हसला. "मन्ही भट्टी शे ही! त्या भास्करनी नाही, मन्ही! फोटोही मीच काढला, त्याच्या मामाच्या कॅमेऱ्यानं. पोरगं बरं दिसायचं तेव्हा."

हे अण्णा. आम्हाला पाटावर बसवून त्यांनी चहा मागवला आणि पिवळ्या पाटीचा सगळा इतिहास सांगितला, मध्ये मध्ये स्वतःची स्तुती करत. भास्कर त्यांच्याकडे शिकला. सायकलवर माल घालता घालता त्याला कळलं की नाशकात हा माल खपेल. मग अण्णांनी भाजायचं आणि पहाटेच्या एसटीच्या टपावर टोपल्या चढवायच्या, भास्करनं पंचवटीत उतरवायच्या. हे ऐकून मला जरा माया आली, खोटं कशाला बोलू. आमच्याच गाडीवरून वाढलेली कंपनी! पुढं मागणी वाढली, टोपल्या पुरेनात, मग नाशकात यंत्रं आली, गोठवायच्या गाड्या आल्या. दुसऱ्यांना दुकानं द्यायचं ठरलं तेव्हा भास्कर सगळ्यांत आधी इथं आला. म्हणाला, अण्णा, माझी पाटी लावा.

"मी म्हटलं, लाव. पुढं लाव. मागं भट्टीला हात लावलास तर तंगडं मोडीन."

"आणि कंपनीनं चालवून घेतलं?"

"न घेऊन जाईल कुठं?"

"मग बाकीच्यांच्या भट्ट्या का पाडल्या?"

अण्णांनी बशीतला चहा संपवला. "बाकीचे नाही म्हटलेच नाहीत ना. समोर तो कोट घातलेला पोरगा आला, कागद ठेवला, हे पाडा सांगे, ते पाडा सांगे, आणि हे माना डोलावत बसले. तो तरी काय करी?"

भट्टीतून ट्रे बाहेर आला. नानकटाई. प्रत्येकीवर गोल उठाव होता, मध्ये फुगलेला, कडेला बारीक रेघा. मी बघतच राहिले. भिंतीवर खिळे होते आणि खिळ्यांना चमचे, किल्ल्या, बिल्ले टांगलेले. मला आजवर वाटायचं, ही आमच्या आईची शक्कल. भट्टीवाल्यांची अडचण सगळीकडे एकच, मग शक्कलही तीच निघायची.

"ही कुणाची खूण?"

"सायकलच्या घंटीची टोपी शे ती. भास्करच्या आईची. म्हातारी त्या कारखान्यातलं तोंडात धरत नाही. दर महिन्याला डबा येतो इथं. तोच कोटवाला पोरगा आणतो, गाडीत लपवून!"

मी इतकी हसले की चहाचा ठसका लागला. चेतन! म्हणून दाखवण्यासारखं काही नव्हतं! मी वळून नंदूला टाळी द्यायला हात पुढं केला. नंदू भिंतीवरच्या खुणांपुढं उभा होता. पिशवी छातीशी धरलेली.

"अण्णा," त्यानं विचारलं, "पूर्ण थंड झालेली भट्टी परत पेटते का?"

"पेटते. घाई नाही करायची. आधी नुसता धूर. मग काटक्यांचा बारीक जाळ. एकदम लाकूड घातलं की कमान तडकते." अण्णांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. "कुणाची थंड झाली?"

"असंच. एकाची," नंदू म्हणाला.

मला त्याचं कौतुक वाटलं. म्हटलं, चला, माझ्याबरोबर राहून हाही खोदून विचारायला शिकला. दुपारी शेवभाजी खाल्ली, तोंड पोळलं, आणि मी खुशीत निर्णय जाहीर केला. पाटी लावायची तर पुढं लाव, भट्टी राहील. नाहीतर पाटीच नको. नंदू "हो" म्हणाला आणि कांद्याच्या ट्रॉल्या बघत बसला.

फलटण

येताना त्यानं मला बारामतीला उतरवायचा घाट घातला. "दमलीस आक्का. फलटणला कशाला तंगडतोड?" मी म्हटलं, अण्णांनी सुनंदासाठी नानकटाई दिलीय, ती मी माझ्या हातानं देणार. सबंध वाटभर नंदू खिडकीबाहेर बघत होता. बाहेर अंधारलेलं आभाळ आणि उसाचे फड. बघण्यासारखं काहीही नव्हतं.

बेकरीत शिरले तेव्हा दिवस मावळायचा होता. आधी कळेना काय चुकतंय. मग लक्षात आलं, वासच नव्हता. भट्टीचं तोंड पत्र्यानं झाकलेलं. मी पत्रा सरकवून आत हात घातला. लहानपणापासून त्या विटांना मी कधी हात लावू शकले नव्हते. त्या थंड होत्या, देवळातल्या फरशीसारख्या. भिंतीवर नुसते खिळे.

"कधी?"

"गणपतीआधी," नंदू म्हणाला. "दोघं पोरं गेली. मी एकट्यानं ओढली थोडे दिवस. एका पहाटे उठायला गेलो, कंबर हलंना. सुनंदानं मला धरून बसवलं. मग राख उघडलीच नाही."

"आणि मला नाशिक दाखवत फिरलास?"

"तुला काहीच पसंत पडत नाही आक्का. म्हटलं, तुला ते पसंत पडलं, तू हो म्हणालीस, तर मला वाटंल, मी केलं ते बरोबर केलं."

तीन गावं पालथी घातली, चहावाल्यावर, गुरुजींवर, गायीपुढच्या बटरवर संशय घेतला. आणि ज्यानं तिकीट काढलं नव्हतं तो माझ्या शेजारच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होता. मला त्याचा राग यायला हवा होता. मला रडू आलं. आवाज करून रडले. आतून सुनंदा पळत आली.

नंदूनं पिशवी भट्टीच्या कट्ट्यावर उपडी केली. किल्ल्या, टोपणं, बांगडीचे तुकडे, बाटलीची बुचं, एक लहान मुलाचं पैंजण. "खिळ्यावरनं काढल्या. ज्याच्या त्याला परत द्यायच्या म्हणून पिशवीत घातल्या, पण कुणाच्या दारात जायचं धाडस होईना. घरात ठेवल्या तर सारख्या डोळ्यांपुढं येत होत्या."

"म्हणून नाशिकला फिरवून आणल्यास?"

"कुठं ठेवू मग?"

तेवढ्यात चेतनचा फोन वाजला. मीच घेतला. "मॅडम, काय ठरलं?" मी सांगितलं, "दिवाळी झाल्यावर विचार. आणि भट्टीचं बोलायचं असेल तर येताना शेठच्या आईला घेऊन ये." अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, "अण्णांनी सांगितलं का?" मी फोन ठेवला.

"कंबर धरणार असेल तर तू नुसता बसून सांग," मी नंदूला म्हटलं. "दिवाळीपर्यंत मी इथं राहते. पहाटेची पहिली गाडी आयुष्यभर काढली मी. आणि काय म्हणाले होते अण्णा? आधी काय करायचं?"

नंदू म्हणाला, "आधी नुसता धूर."

सुनंदानं परसातून पालापाचोळा आणला. नंदू गुडघे टेकून भट्टीच्या तोंडाशी वाकला आणि फुंकर घालायला लागला. मी एकेक खूण परत टांगायला घेतली, तर कुठला खिळा कुणाचा ते मला आठवेना. भट्टीत डोकं घालून, खोकत खोकत, तो आतूनच सांगत होता. किल्ली खिडकीकडची. पैंजण त्याच्या खालचं, ती पोर आता लग्नाला आलीय. बांगडी कोपऱ्यात. एकदाही चुकला नाही. शेवटी माझ्या हातात पंच राहिला आणि एक खिळा रिकामा होता, सगळ्यांच्या वर, दाराजवळ.

"हा तिथं का रे? एवढ्या उंच?"

"तो आधीपासून तिथंच असतो," नंदू आतून म्हणाला. "दिवाळीचा पहिला ट्रे तुझ्या नावाचा. तो पहिला लागतो."